पोलंडची माणसं परत निघाली का?

ओझर टाउनशिप, नाशिक
८ ऑक्टोबर २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगत होतीस, की जेवणाच्या सुट्टीत तुझ्या पोलंडमधल्या ऑफिसातले सगळे एस्टोनियाच्या हद्दीत शिरलेल्या त्या रशियन विमानांवरून वाद घालत होते आणि तू मान खाली घालून डबा संपवलास. "हे माझं भांडण नाही बाबा," म्हणालीस. तेवढ्यात आईने फोन घेतला, बोलणं थंडीच्या जॅकेटवर गेलं आणि माझं सांगायचं राहून गेलं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. फोनवर मला जुळवून बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी आजीचं सांगतो. १० सप्टेंबरला सकाळी टीव्हीवर बातमी आली, की रात्रीतून रशियाची ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरली, पोलंडच्या एफ-१६ आणि नेदरलँड्सच्या एफ-३५ विमानांनी त्यातली काही पाडली, वॉर्साचा विमानतळही काही वेळ बंद ठेवला होता. तुझा 'मी ठीक आहे' हा मेसेज येईपर्यंत आई देवापुढून उठली नाही. आजीला हल्ली ऐकू कमी येतं, पण 'पोलंड' हा शब्द तिने बरोबर पकडला. खाटेवर उठून बसली आणि मला म्हणाली, "पोलंडची माणसं परत निघाली का रं?"

तुला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. सलग मी कधी सांगितली नाही. आजीचं माहेर वळिवडे, कोल्हापूरच्या शेजारचं. ती नऊ वर्षांची असताना, १९४३ साली, गावाजवळच्या माळावर लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या आणि रेल्वेने गोरी माणसं येऊन उतरू लागली. बहुतेक बायका आणि पोरं. पाचेक हजार माणसं होती, १९४८ पर्यंत राहिली. त्यांनी शाळा काढल्या, चर्च केलं, नाटकं बसवली, पोरं पंचगंगेत पोहायला जायची.

ही माणसं कोल्हापूरला कशी आली, ते तुझ्या टेबलावरच्या वादाचं मूळ आहे. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून. दोघांनी देश वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून रशियनांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. त्याच वर्षी कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून मारले, आणि तो गुन्हा मॉस्कोने कबूल केला तो थेट १९९० साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं ते पाप जर्मनांच्या माथी मारलं जात होतं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला तेव्हा सायबेरियात नि कझाकस्तानात नेलेल्या या लोकांना सोडलं गेलं. जगले वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले. काही मुलं जामनगरच्या महाराजांनी बालाचडीला ठेवून घेतली आणि मोठा तांडा आला आपल्या वळिवड्याला.

आजी तिच्या आईबरोबर तिथे अंडी विकायला जायची. एक बाई तिला क्रोशा शिकवायची. आजी सांगते, ती बाई जेवण झालं की टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने टिपून टिपून खायची, एक कण ठेवायची नाही. आणि तिच्या खाटेखाली एक गाठोडं कायम बांधलेलं असायचं. पणजीने एकदा खुणेनं विचारलं, कुठं जायचंय? बाई नुसती हसली. पाच वर्षांत ते गाठोडं कधी सुटलेलं आजीने पाहिलं नाही.

आता तू म्हणालीस, की तुमच्यातली ती बियालिस्टॉकची मुलगी दाराशी बॅग भरून ठेवते, आणि तुला ते जरा अतीच वाटलं. अगं, तिचं गाव बेलारूसच्या सरहद्दीजवळ आहे. ज्या मुलखातून त्या मालगाड्या भरल्या गेल्या, त्याच मुलखातलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती बॅग तिने स्वतः भरली असेल, पण भरायची बुद्धी तिला तिच्या आजीकडून आली असणार.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तुझ्या बापाच्या हाडात आहे, ती लपवून मी पत्र पुरं केलं तर ते खोटं होईल.

मी १९८३ ला ओझरच्या विमान कारखान्यात लागलो. चाळीस वर्षं रशियन विमानांचं खाल्लं. इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये पहिल्या आठवड्यात जे रशियन शब्द शिकलो त्यातला एक होता 'अपास्ना', म्हणजे धोका. लाल अक्षरांत लिहिलेला असायचा. तिकडून आलेला एक म्हातारा इंजिनीअर माझ्या शेजारी उभा राहून गायरो, म्हणजे विमानाचा तोल आणि दिशा सांगणारं यंत्र, लावायला शिकवायचा. भाषा येत नव्हती, माझा हात धरून स्क्रू किती फिरवायचा ते दाखवायचा. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याने भाऊ गमावला होता, एवढं मला दुभाषाकडून कळलं. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा टाउनशिपमधले आम्ही सगळे जुने लोक एकत्र बसून ते बघत होतो आणि बहुतेकांचे डोळे भरले होते. १९७१ ला अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा आपल्या पाठीशी कोण उभं राहिलं, हे माझी पिढी विसरू शकत नाही. त्यामुळे इथे आमच्या कट्ट्यावर वाद निघाला की दहातले आठ जण रशियाच्या बाजूने बोलतात. मीही बोलायचो.

त्यांचं म्हणणं तुलाही माहीत असावं, कारण त्यात तथ्य आहे. जर्मनी एक होताना, १९९० साली, नाटो पूर्वेला सरकणार नाही असं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलले होते. कागदावर काही आलं नाही. मग १९९९ ला पोलंड, २००४ ला बाल्टिक देश नाटोत आले. जॉर्ज केनन या अमेरिकेच्याच जुन्याजाणत्या मुत्सद्द्याने १९९७ ला बजावलं होतं, की ही फार मोठी चूक ठरेल. पण मने, नाटो जेवढी सरकत आली त्याहून जास्त हे देश तिच्याकडे धावत गेले. का गेले, ते वळिवड्याच्या गाठोड्यात आहे. आणि युक्रेनने तर १९९४ ला बुडापेस्टच्या करारावर विसंबून आपल्याकडची सगळी अण्वस्त्रं रशियाच्या हवाली केली. त्या करारात त्याच्या सरहद्दींचा मान राखू, अशी रशियाचीच सही आहे. २०१४ ला क्रिमिया घेतला, २४ फेब्रुवारी २०२२ ला रणगाडे घातले. मॉस्कोच्या मनातली भीती खरी असेल. ती खरी आहे म्हणून शेजाऱ्याच्या घरात घुसायचा परवाना मिळत नाही. हे कळायला मला वेळ लागला, आणि कट्ट्यावर हे बोललो तेव्हा दोघातिघांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. चालेल.

आता तुमच्या टेबलावरचा खरा प्रश्न. एस्टोनियाच्या हद्दीत १९ सप्टेंबरला तीन मिग-३१ बारा मिनिटं होती, असं एस्टोनिया म्हणतं. विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपाँडर बंद, कंट्रोल टॉवरशी बोलणं नाही. रशिया म्हणते, आम्ही खुल्या समुद्रावरून गेलो. ट्रम्प म्हणाले, अशी विमानं पाडायला हवीत. तुमची बियालिस्टॉकची मुलगी म्हणते, पाडाच. तो बर्लिनचा मुलगा म्हणतो, पाडलं की युद्ध. आणि त्याला सगळे भित्रा म्हणाले.

त्याला भित्रा म्हणू नका. ज्या वर्षी मी कामाला लागलो त्या १९८३ मध्येच त्याच्या देशात, बॉनला, लाखो माणसं अमेरिकेच्या क्षेपणास्त्रांविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. ते युद्ध झालं असतं तर पहिली राख जर्मनीची झाली असती. चार वर्षांनी, १९८७ ला, रीगन आणि गोर्बाचेव्ह यांनी ती मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं दोन्हीकडून मोडीत काढायच्या करारावर सह्या केल्या. रशियाने करार मोडला असा ठपका ठेवून अमेरिका २०१९ ला त्यातून बाहेर पडली, रशियाही पडली, आणि आज तसलीच क्षेपणास्त्रं पुन्हा तयार होत आहेत.

त्याच १९८३ चं दुसरं सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. १ सप्टेंबरला कोरियाचं एक प्रवासी विमान रात्री वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलं. रशियन लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. वाट का चुकली? आंतरराष्ट्रीय चौकशीचा निष्कर्ष असा, की ऑटोपायलट दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेला जोडलेलाच नव्हता. तो नुसत्या एका होकायंत्राच्या दिशेवर चालत राहिला आणि ते वैमानिकांच्या लक्षात आलं नाही. एका स्विचची जागा! मी चाळीस वर्षं तसले स्विच तपासले. ती बातमी कँटीनमध्ये कळली तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला होता. मग त्याच महिन्यात, २६ तारखेला, रशियाच्या इशारा केंद्रात पडद्यावर दिसलं, की अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रं सोडली आहेत. ड्यूटीवर पेत्रोव नावाचा अधिकारी होता. त्याने विचार केला, कोणी हल्ला करायचाच तर पाचच कशाला सोडेल? त्याने वर 'यंत्राची चूक' असं कळवलं. चूकच होती, ढगांवर चमकलेलं ऊन उपग्रहाला आग वाटलं होतं. तोही यंत्र ओळखणारा माणूस होता, म्हणून आज आपण आहोत.

म्हणून माझं मत विचारशील तर ते तुमच्या टेबलावरच्या दोघांच्या मधे बसत नाही, दोघांनाही थोडं थोडं नको होईल असं आहे. पोलंडने शस्त्रं घ्यावीत, सरहद्द बांधावी, त्यात मला काही चूक दिसत नाही. दारूगोळ्याने भरलेलं ड्रोन गावाकडे येत असेल तर ते पाडलंच पाहिजे. पण माणूस बसलेलं विमान पाडायचा हुकूम टीव्हीसमोर गर्जना करून देऊ नये. २०१५ ला तुर्कस्तानने रशियाचं सुखोई पाडलं, ते हद्दीत १७ सेकंद होतं असं तुर्कस्तानचंच म्हणणं. तेव्हा निभावलं. दर वेळी निभावेल असं मानणाऱ्याला यंत्रं माहीत नाहीत. आणि काही झालं तरी बोलण्याची तार तोडू नये. १९६२ ला क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून मरणाच्या दारात जाऊन आल्यावरच १९६३ ला वॉशिंग्टन आणि मॉस्कोने आपसात हॉटलाइन टाकली होती. आज दोघांच्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा एकच करार उरलाय, तोही ५ फेब्रुवारी २०२६ ला संपतोय. पुतिन यांनी गेल्या महिन्यात आणखी एक वर्ष मर्यादा पाळू म्हटलं, ट्रम्प यांनीही कल्पना चांगली आहे असं म्हटलंय. पेपरात ही बातमी आतल्या पानावर बोटभर आली होती. मला वाटतं तुमच्या टेबलावर भांडायचंच तर यावर भांडावं.

आणि त्या मुलीने तुला जो प्रश्न विचारला, ज्यावर तू गप्प बसलीस: "झापाडच्या सरावाला तुमचे सैनिक गेले होते ना?" झापाड म्हणजे रशिया आणि बेलारूसचा गेल्या महिन्यातला लष्करी सराव. हो, गेले होते. भारताचे ६५ जण रशियात निझ्नी नोवगोरोद शहराजवळ मुलिनोला होते, आणि त्याच दिवसांत पोलंडने बेलारूसची सरहद्द बंद ठेवली होती. ते नाकारू नकोस आणि त्याची वकिलीही करू नकोस. सांग, की आमच्या सैन्याची कितीतरी हत्यारं त्यांच्याकडून आलीत, माझा बाप ती जोडायचा, आम्हाला ती नाळ एका दिवसात तोडता येत नाही. आणि हेही सांग, की तिच्या देशातली पाच हजार माणसं माझ्या आजीच्या गावाने शेजारी म्हणून पाहिली आहेत. २०२२ ला युक्रेनमधून पळालेल्या आपल्या पोरांना पोलंडने सरहद्द उघडून दिली, तेही लक्षात ठेवलंय म्हणावं. तू तिथे राहतेस, तिथे कर भरतेस, रात्री त्याच आभाळाखाली झोपतेस. भांडण तुझंही आहे.

बॅग तूही भर. पासपोर्ट, निवास परवाना आणि दोघांच्या झेरॉक्स, पॉवर बँक, चार्जर, टॉर्च, पाण्याची बाटली, तुझी थायरॉइडची महिन्याची गोळ्यांची पाकिटं, थोडे झ्लॉटी आणि थोडे युरो रोख. भारतीय दूतावासात नाव नोंदवलं नसशील तर याच आठवड्यात नोंदव. घाबरून सांगत नाही. फॅक्टरीत आम्ही रोज अग्निशामक नळकांडं तपासायचो, आग एकदाही लागली नाही.

फराळाचं पार्सल सोमवारी टाकतोय. चकल्या फुटतील म्हणून आईने त्या शंकरपाळ्यांच्या मधे भरल्यात. त्यात एका पिशवीत आजीचा क्रोशाचा रुमाल आहे, कडेला दोन ठिकाणी उसवलेला. वॉर्सात कोल्हापूरच्या छावणीचं स्मारक आहे, मोंते कासिनोच्या स्मारकाशेजारी. मोदी गेल्या वर्षी तिथे गेले होते तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. तो रुमाल घेऊन एकदा जाऊन ये. त्या मुलीलाही ने.

आणि तिथून आजीला व्हिडिओ कॉल कर, सकाळच्या वेळी, तेव्हा तिला जरा नीट ऐकू येतं. ती अजून रोज विचारते, माणसं निघाली का. मी ओरडून सांगतो, नाही आई, सगळे घरीच आहेत. माझ्यावर विश्वास बसत नाही तिचा. त्या मुलीला तिच्याशी बोलू दे.

तुझा,
बाबा