तेच पाच बाइट

सांगली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

मी घरी एका जुन्या चिपवर हाताने छोटा कॉम्प्युटर जोडतेय, त्याबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "आई, एवढं सगळं करून त्या कॉम्प्युटरवर करणार काय?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं तुटलं. खरं तर तेव्हा मला उत्तर सुचलंच नव्हतं. दोन दिवस प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून लिहायला बसले.

गेल्या एप्रिलमध्ये बातमी वाचली की झायलॉग कंपनी चाळीस पायांचा साधा झेड-८० मायक्रोप्रोसेसर बनवणं बंद करणार. १४ जून २०२४ पर्यंत येतील त्या मागण्या शेवटच्या. १९७६ साली बाजारात आलेली चिप अठ्ठेचाळीस वर्षं तयार होत होती. वाचून मन हललं. मी आयुष्यभर शिकवला तो इंटेलचा ८०८५, तसलाच दुसरा मायक्रोप्रोसेसर. झेड-८० आमच्या अभ्यासक्रमात एका तासापुरता होता, फळ्यावर दोन रकाने काढून फरक सांगायचा आणि पुढे जायचं. आता ही चिप हातात घ्यायची तर हीच वेळ, असं वाटलं.

पहिली चिप ऑनलाइन मागवली, ती फसवी निघाली. वर छापलं होतं सीमॉस, म्हणजे कमी वीज खाणारा प्रकार, पण पाच व्होल्ट देताच ती बोटाला चटका बसेल इतकी तापली आणि मीटर नव्वद मिलिॲम्पियरच्या वर गेला. जास्त वीज खाणाऱ्या जुन्या एनमॉस चिपवरची अक्षरं घासून त्यावर नवी छापलेली. एनमॉस असायला हरकत नव्हती, पण तिला मंद क्लॉक (ज्या ठोक्यांवर चिप पावलं टाकते तो) चालत नाही आणि मला तर हवा होता नजरेला दिसेल असा मंद क्लॉक. दुसरी खरी मिळाली. सॉकेट, रेझिस्टर, एलईडी वगैरे किरकोळ सामान तापकीर गल्लीतून आणलं, मावशीकडे पुण्याला गेले होते तेव्हा.

आता नीट वाच, कारण पुढचं मला फोनवर कधीच सांगता येणार नाही.

झेड-८०च्या चाळीस पायांपैकी सोळा पत्त्याचे (मेमरीतलं कुठलं घर हवं ते सांगणारे) आणि आठ डेटाचे. डेटाच्या आठही रेषा एकेका रेझिस्टरमधून ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, बांधल्या, म्हणजे चिप काहीही वाचायला गेली तरी तिला ०० मिळणार. ०० म्हणजे नॉप, 'काही करू नकोस, पुढे जा'. मेमरी नाही, प्रोग्रॅम नाही. नुसती चिप एकामागून एक पत्ते मागत जाते. पत्त्याच्या सोळा रेषांवर (ए० ते ए१५) सोळा एलईडी लावले आणि ५५५ टायमरवरून शंभर हर्ट्झचा क्लॉक दिला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. रिसेटचं बटण सोडलं आणि दिवे मोजायला लागले! पहिले दोन इतके भरभर की नजर ठरत नाही, मग एकेक संथ होत गेलेले. एका नॉपला क्लॉकचे चार ठोके लागतात, त्यामुळे शेवटचा ए१५ पेटायला जवळजवळ बावीस मिनिटं लागली. मी ती बावीस मिनिटं जागची उठले नाही.

पण एक गोष्ट खटकत होती. ए० ते ए६ हे सात दिवे पेटले की ठाम पेटत, आणि ए७ पासून पुढचे सगळे मंद, थरथरणारे. दोन दिवस मी सोल्डर तपासत बसले, रेझिस्टर बदलले. मग डेटाशीट उघडलं आणि त्यात उत्तर सापडलं. डायनॅमिक रॅममधला मजकूर सतत ताजा करावा लागतो, नाहीतर तो पुसला जातो, आणि झेड-८० हे काम स्वतःच करतो. प्रत्येक सूचना वाचताना पहिले दोन ठोके तो खरा पत्ता दाखवतो आणि पुढचे दोन ठोके ताजं करायचा पत्ता. हा दुसरा पत्ता सात बिटांचाच, वरच्या रेषा तेव्हा शून्य. म्हणून वरचे नऊ दिवे निम्मा वेळ विझत होते. दोष कुठेच नव्हता. हे वाक्य, 'झेड-८० रॅम रिफ्रेश करतो', मी फळ्यावर कित्येकदा लिहिलं असेल. ते डोळ्यांनी कसं दिसतं हे मला छप्पन्न वर्षांची झाल्यावर कळलं.

त्यानंतर झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या पट्टीवर, पक्की मांडणी केली. खालची बत्तीस के ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर राखणारी मेमरी), वरची बत्तीस के रॅम. ए१५ शून्य असेल तर ईईप्रॉम, एक असेल तर रॅम, मध्ये शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारा एक इन्व्हर्टर. एवढीच वाटणी. जोडणी दोनशेच्या वर निघाली, सगळी मीटर लावून पीप ऐकत तपासली, आणि तरी ते चालेना. पंधरा दिवस गेले. शेवटी तुझ्या बाबांमुळे सापडलं. त्यांनी टॉर्च धरायला हात पुढे केला आणि दिवे धावायला लागले. हात मागे घेतला की बंद. त्यांना काही कळलं नाही, पण मला एकदम कळलं. कुठला तरी इनपुट लोंबकळत राहिलाय! सीमॉसचा इनपुट मोकळा राहिला की तो हवेतलं काहीही उचलतो, माणसाचा हातसुद्धा. पंचविसावा पाय, बसरिक्वेस्ट. पाच व्होल्टला जाणारा दहा के रेझिस्टर लावलेला होता, पण त्याचं सोल्डर कच्चं होतं, वरून चकचकीत आणि आतून सुटं. चिपला वाटत होतं की दुसरं कोणीतरी बस (पत्त्याच्या आणि डेटाच्या सामाईक रेषा) मागतंय, आणि ती सौजन्याने हात काढून बसत होती.

मग पहिला प्रोग्रॅम. पोर्ट ०० वर आठ एलईडी लावलेत, ते एकाआड एक पेटवायचे. ३ई ५५, डी३ ००, ७६, म्हणजे ५५ हा आकडा ए रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या कप्प्यात) घे, पोर्ट ०० ला पाठव आणि थांब. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले पाच बाइट. हे मला पुस्तकात बघावं लागलं नाही, मुक्ता. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये ८०८५च्या किटवर पोरांना मी पहिल्या दिवशी जे शिकवायचे त्यातलेच हे बाइट. तिथे मनात म्हणायचे 'एमव्हीआय ए', इथे 'एलडी ए', पण यंत्राला जाणारा आकडा तोच. कारण फेडेरिको फॅजिन यांनी इंटेलमध्ये ४००४ आणि ८०८० वर काम केलं, १९७४ मध्ये बाहेर पडून झायलॉग उभी केली, आणि झेड-८० असा बनवला की ८०८०चे प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालावेत. इंटेलने ८०८५ काढला तोही त्याच ८०८०च्या वंशातला. (८०८५च्या रिम आणि सिम या दोन सूचना तेवढ्या इथे चालत नाहीत, २० आणि ३० हे आकडे झेड-८० मध्ये जम्पचे, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर उडी मारायचे, आहेत. माझ्या जुन्या वहीतला एक प्रोग्रॅम त्यामुळे अडला होता.) पाच बाइट चढवले, रिसेट सोडला, आणि एकाआड एक चार दिवे पेटले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

१९९६-९७ ची गोष्ट असेल. लॅबमध्ये एक मुलगा होता, आष्ट्याहून एसटीने यायचा. त्याने विचारलं, "मॅडम, जीओ दाबून पत्ता दिला आणि एक्झिक्यूट दाबलं, की आपला प्रोग्रॅम सुरू होतो. पण सुरू कोण करतं?" मी त्याला सांगितलं की आत मॉनिटर नावाचा, किट चालवणारा प्रोग्रॅम असतो, तो आपल्याला नाही परीक्षेला. तो गप्प बसला. मला पुढचं येत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही. तीस वर्षं मी ती किटं शिकवली, सहा सेव्हन-सेगमेंटचे डिस्प्ले आणि हेक्सची बटणं, झाकण कायम स्क्रूने बंद. मी एकदाही ते उघडून विचारलं नाही की कोण सुरू करतं.

आता माझा मॉनिटर मी स्वतः लिहितेय. तो बटणं वाचतो, चार आकडे जुळवून एचएल रजिस्टरमध्ये पत्ता तयार करतो, आणि शेवटी एकच बाइट, ई९. 'एचएलमध्ये जो पत्ता आहे तिथे जा.' बस्स. इतकं लहान उत्तर होतं त्याच्या प्रश्नाचं, आणि मी ते त्याला दिलं नाही. तो मुलगा आज कुठे आहे ते मला माहीत नाही. तू विचारलंस की यावर करणार काय, तर सध्या हेच करतेय.

तुझं काम मी कमी लेखत नाही, हे तुला माहीत आहे. तुझे प्रोग्रॅम कुठल्या गावातल्या कुठल्या यंत्रावर चालतात हे तुलाही माहीत नसतं आणि तुझं अडतही नाही. त्यात वेगळं शहाणपण लागतं, ते माझ्याकडे नाही. पण दिवाळीला आलीस की एक तास इथे बस. रिसेटचं बटण तू सोड. ईईप्रॉममध्ये ४००० हेक्सपासून पुढचं सगळं मोकळं ठेवलंय, तिथे तुला हवं ते लिही. लांबून लिहायचं असेल तर हेक्स आकडे पाठव, मी चढवीन.

सध्या सिरियल पोर्टचं चाललंय, म्हणजे बटणांऐवजी लॅपटॉपच्या कीबोर्डवरून बोलता येईल. त्यासाठी ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलाय. असा विचित्र आकडा का, म्हणशील. त्याला चौसष्टने भाग, बरोबर १,१५,२०० येतं, आणि सिरियलचा वेग हवा तोच मिळतो. सिरियलचं काम करणारी ६८बी५० चिप आणि तिचं सॉकेट आलंय, रविवारी सोल्डर करेन. टर्मिनल म्हणून तुझा कॉलेजचा जुना लॅपटॉप काढलाय. चालू होतो, पण पासवर्ड मागतो. तेवढा कळव.

बाबा बरे आहेत, गुडघा कमी दुखतोय. जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई