‘त्यांच्यातले कोणी बोलत नाही’ या वाक्याविषयी

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले आणि शेवटी मी आवाज चढवला, त्याचे मला वाईट वाटते. बाबा, तुमचे म्हणणे असे होते की धार्मिक अतिरेकाचे मूळ मुस्लिम समाजांच्या आतच आहे आणि त्यांच्यातले कोणीही त्याविरुद्ध बोलत नाही. आई, तुझे म्हणणे होते की ही आग महासत्तांनी आपल्या स्वार्थासाठी लावली आणि साधी माणसे तीत होरपळली. तेव्हा मला दोघांनाही नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

बाबा, तुमच्या म्हणण्याचा पहिला भाग मला बराचसा मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००२ साली अरब जगाविषयी अहवाल काढला, तो अरब अभ्यासकांनीच लिहिला होता. स्वातंत्र्य, ज्ञान आणि स्त्रियांचे सबलीकरण या तिन्ही बाबतींत आपले समाज मागे पडले आहेत, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मांडले. पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांनी १९७९ मध्ये हुदूद कायदे, म्हणजे शरियतमधल्या शिक्षांचे कायदे, आणले आणि १९८६ मध्ये ईशनिंदेसाठी मृत्युदंडाची तरतूद झाली, ती काही कोणा परक्याने लादली नव्हती. १९७९ च्याच नोव्हेंबरमध्ये मक्केच्या मशिदीचा ताबा घेणाऱ्या बंडखोरांना सौदी राजघराण्याने देहान्ताची शिक्षा दिली, परंतु त्यानंतर समाजावरची कट्टर उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, पकड सैल करण्याऐवजी आणखी घट्ट होऊ दिली.

आई, तुझेही खोटे नाही. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरल्यावर अमेरिका आणि सौदी अरेबिया यांचा पैसा आणि शस्त्रे पाकिस्तानच्या आयएसआय या लष्करी गुप्तहेर संस्थेमार्फत मुजाहिदीनांपर्यंत, म्हणजे त्या सैन्याशी लढणाऱ्या अफगाण गटांपर्यंत, पोहोचली. २००३ मध्ये इराक जिंकल्यावर अमेरिकेने तिथले सैन्यच बरखास्त केले, लाखो प्रशिक्षित माणसे एका आदेशाने बेकार झाली, आणि त्यांतले काही अधिकारी पुढे इस्लामिक स्टेटच्या फौजेत दिसले. तरीही अफगाणिस्तानात त्या मदतीचा मोठा वाटा हिकमतयार यांच्यासारख्या जहाल मुजाहिदीन नेत्याला मिळावा, ही निवड पाकिस्तानी लष्कराची होती. आग बाहेरून भडकवली गेली, पण सरपण घरातले होते.

मात्र ‘समाज’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, असे मला वाटते. अल्जीरियात १९९१ च्या डिसेंबरमध्ये इस्लामवादी पक्ष निवडणुकीच्या पहिल्या फेरीत आघाडीवर राहिला, तेव्हा लष्कराने पुढची फेरीच रद्द केली आणि त्यानंतरच्या यादवीत लाखाहून अधिक माणसे गेली. तिथे दोष धर्माचा किती आणि बंदुकीच्या जोरावर चालणाऱ्या राजवटीचा किती, हे मला ठरवता येत नाही. ट्युनिशियाने १९५६ मध्येच बहुपत्नीत्वावर बंदी घातली, २०११ नंतर लोकशाहीही आणली, आणि तरी तिथले हजारो तरुण सीरियात अतिरेकी गटांकडून लढायला गेले. या एका देशापुढे माझे सगळे ठोकताळे कोलमडतात. याउलट इंडोनेशियात १९२६ साली स्थापन झालेली नहदलातुल उलेमा ही कोट्यवधी सदस्यांची संघटना धर्माचाच आधार घेऊन अतिरेकाला विरोध करते. धर्मग्रंथ तर सर्वांचा एकच आहे.

आता बाबा, ‘त्यांच्यातले कोणी बोलत नाही’ या तुमच्या दुसऱ्या म्हणण्याविषयी, कारण मला खरे लागले ते तेच. सुदानमध्ये महमूद मोहम्मद ताहा यांनी शरियतच्या नावाने लादलेल्या कायद्यांविरुद्ध पत्रक काढले, म्हणून जानेवारी १९८५ मध्ये त्या वृद्ध माणसाला धर्मद्रोही ठरवून फाशी देण्यात आले. इजिप्तचे फराग फोदा यांनी १९९२ मध्ये कैरोच्या पुस्तक मेळ्यात धर्मपंडितांसमोर उभे राहून धर्मनिरपेक्ष राज्याची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि खटल्यात एका नामवंत धर्मपंडिताने अशा हत्येचे समर्थन करणारी साक्ष दिली. पाकिस्तानात पंजाब प्रांताचे राज्यपाल सलमान तासीर यांनी ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या एका ख्रिस्ती स्त्रीची बाजू घेतली, तेव्हा २०११ च्या जानेवारीत त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना ठार केले आणि न्यायालयात आणलेल्या त्या मारेकऱ्यावर वकिलांनी फुले उधळली. त्या फुलांचा विचार केला की तुमच्या पहिल्या म्हणण्यातले सत्य मला नाकारता येत नाही. पण तासीरही त्याच समाजातले होते ना, बाबा?

हमीद दलवाई तर आपल्याच भाषेत लिहीत होते. १९६६ साली त्यांनी अवघ्या सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. मुस्लिम समाजावर त्यांनी केलेली टीका तुमच्या टीकेपेक्षा सौम्य नव्हती, परंतु ती त्या समाजातच राहून आणि तिथला रोष पत्करून केलेली होती.

मूळ आत आहे की बाहेर, यावर आपण पुन्हा कितीही वाद घालू. ‘त्यांच्यातले कोणी बोलत नाही’ हे एवढे वाक्य मात्र तुम्ही मागे घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

तुमची लेक