बॉटल पाम म्हणून रॉयल पाम विकू नका

संपादक महोदय,

नर्सरीवाले बॉटल पाम म्हणून सर्रास रॉयल पाम विकतायत, त्याबद्दल लिहितोय. आमच्या बंगल्याच्या गेटजवळ असंच एक झाड लावलंय, पावतीवर आणि टॅगवरही बॉटल पामच लिहिलेलं, आणि आता ते पहिल्या मजल्याच्या वर जाऊन विजेच्या वायरीला टेकायला आलंय. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा, अगदी हळू वाढतो, दहा-बारा फुटांवर सहसा जात नाही. रॉयल पाम क्युबाकडचा, तो सहज साठ-सत्तर फूट होतो आणि त्याची वाळलेली झावळी देठासकट धाडकन खाली येते, खाली पोरं खेळत असतील तर काय?

घोळ होतो कारण लहानपणी दोघांचाही बुंधा फुगीर दिसतो. पण नीट बघितलं तर कळतं. बॉटल पामला झावळ्या मोजक्याच, चार ते आठ, कमानीसारख्या वळलेल्या, पात्या वर उचललेल्या, आणि कोवळ्या रोपाच्या देठाला लालसर-नारिंगी झाक असते. रॉयलच्या पात्या जरा वाढल्यावर चहूबाजूंनी फुटतात, झावळी पिसाऱ्यासारखी भरगच्च दिसते, देठ हिरवेच.

माझी एकच मागणी आहे की टॅगवर शास्त्रीय नाव, म्हणजे हायोफोर्बे लाजेनिकॉलिस की रॉयस्टोनिया रेजिया, आणि पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची लिहिणं सक्तीचं करा. छोट्या अंगणात चुकीचं झाड लागलं की ते काढायचा खर्च आणि परवानगीची धावपळ सगळी घरमालकाच्याच गळ्यात पडते.

– एक वाचक, पुणे