ड्रायसूटच्या आत बॅटरी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच तरुण मंडळी हल्ली तारकर्लीला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जाऊन स्कूबा शिकतात. तिथलं पाणी कोमट, साध्या वेटसूटवर (आत पाणी शिरू देणाऱ्या रबरी पोशाखावर) भागतं. पुढे शिक्षण-नोकरीसाठी हीच मुलं नॉर्वे, जर्मनी, स्कॉटलंडला जातात, चार-पाच अंशांच्या पाण्यात उतरायचं ठरवतात आणि मग हमखास विचारतात: दुचाकीवर घालायचं, बॅटरीवर तापणारं जाकीट ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ते ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या डायव्हिंगच्या पोशाखाच्या आत घातलं तर चालेल का?

चालणार नाही. कारण नीट समजून घ्यावं, कारण इथे चूक झाली तर ती पाण्याखाली दुरुस्त करता येत नाही. त्या जाकिटाची लिथियम बॅटरी खिशात, म्हणजे अंगालगत असते. ड्रायसूट मान आणि मनगटांपाशी रबरी पट्ट्यांनी बंद झालेला. मानेची पट्टी केसांमुळे किंवा घडीमुळे जरा जरी उचलली गेली तरी खारं पाणी आत झिरपतं. ते बॅटरीच्या टोकांवर गेलं तर शॉर्ट होऊन बॅटरी भडकू शकते, आणि सूट न उघडता ती काढून फेकायला हात आत जाणार कुठून? खास डायव्हिंगसाठी बनवलेली तापणारी बंडी मिळते. तिच्या चांगल्या व्यवस्थेत बॅटरी सूटच्या बाहेर, जलरोधक डब्यात, कमरेला किंवा सिलिंडरला बांधलेली असते. तार सूटच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी आत जाते आणि मध्ये एक जोड असतो, तो जाड हातमोजा घालूनही एका हाताने उपटता येतो. एखादी जागा चटका देऊ लागली की जोड उपटला, काम झालं. विकत घेताना हा जोड हातमोजा घालून, डोळे मिटून दहा वेळा काढून-लावून बघा. जमत नसेल तर ते सामान घेऊ नका.

पण तापणाऱ्या बंडीच्या आधी अंडरसूटचा, म्हणजे ड्रायसूटखालच्या ऊबदार थराचा विचार हवा. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. त्याला अडवते ती अंडरसूटच्या तंतूंत अडकलेली हवा. सुती बनियन आत घातली की घामाने भिजते, अंगाला चिकटते आणि हवेची जागा पाणी घेतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. खानापूर भागात भर पावसात घोंगड्याची खोळ घेऊन रोप लावणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. म्हणून अंगालगत पातळ मेरिनो लोकर, तिच्यावर तापणारी बंडी आणि त्यावर जाड अंडरसूट, हा क्रम ठेवावा. १० अंशांखालच्या पाण्यासाठी चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा अंडरसूट घ्यावा, त्याहून उबदार पाण्यात २०० ग्रॅमचा पुरतो. बंडी थेट कातडीवर कधीही घालू नये. खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांखाली ती दाबली जाते, तिथली हवा निघून जाते आणि नेमका तिथेच चटका बसतो. थंडीने बधिर झालेल्या कातडीला तो वेळेवर कळतही नाही.

अंडरसूट घालून पूर्ण उकिडवं बसता आलं पाहिजे आणि मानेमागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. जाड थर जास्त हवा धरतो, त्यामुळे पाण्यात खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं दोन-चार किलोंनी वाढवावं लागतं. ते उथळ पाण्यात तोलून घ्यावं. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे नवीन फ्लीसची लव. ती दंडावरच्या हवा सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये अडकते, वर येताना हवा सुटत नाही आणि माणूस फुग्यासारखा वर ओढला जातो. म्हणून नवा अंडरसूट आधी दोनदा धुवा आणि व्हॉल्व्हच्या जाळीवरून बोट फिरवून लव काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंडी चालू कधी करायची? बहुतेक जण उडी मारतानाच चालू करतात. तेच चुकतं. शरीर गरम असताना रक्ताभिसरण वाढतं आणि तळाशी श्वासातल्या हवेतला नायट्रोजन शरीरात जास्त शोषला जातो. वर येताना बॅटरी संपली की थंड पडलेल्या हातापायांतून तो नीट बाहेर पडत नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाच्या २००७ सालच्या अहवालात हेच दिसलं. तळाशी उबदार आणि परतीत थंड राहिलेल्यांना डीकम्प्रेशनचा त्रास (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा) सर्वाधिक झाला. तळाशी थंड आणि परतीत उबदार राहिलेले त्यांच्या दुप्पटीहून जास्त वेळ तळाशी राहूनही कितीतरी सुरक्षित ठरले. म्हणून तळाशी बंडी बंद किंवा अगदी मंद ठेवा आणि वर येताना थांब्यांवर, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलीवर थांबतो तिथे, वाढवा. बंडी अचानक बंद पडली तरी उरलेले सगळे थांबे नुसत्या अंडरसूटवर पूर्ण करता आले पाहिजेत. तसं होणार नसेल तर तो डाइव्हच आखू नये.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२० वॉट-तास. ५० वॉटची बंडी त्यावर कागदावर दोन तास चोवीस मिनिटं चालेल. थंडीत बॅटरी मार खाते, म्हणून दीड तासच धरावा. आइसलँडमधल्या सिल्फ्रा या डायव्हिंगच्या ठिकाणी पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं, पण तिथला डाइव्ह अर्ध्या-पाऊण तासाचा, थांब्यांविना. त्यासाठी बंडीची गरज नाही, चांगला अंडरसूट पुरतो. तिथे आधी हात गारठून बधिर होतात. पाणी आत न शिरणारे (ड्राय) हातमोजे घालून मनगटाच्या पट्टीखालून एक जाडसर दोरा सरकवून ठेवा. त्या फटीतून सूटमधली उबदार हवा मोज्यात येते, दाबाने मोजा हातावर आवळतही नाही. त्याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या: मोजा फाटला तर त्याच वाटेने पाणी सूटमध्ये शिरतं.

हिडकल, राकसकोप किंवा कृष्णेच्या पात्रात बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या आपल्या पथकांना यातलं काही नको. त्यांना ५ मिलिमीटरचा वेटसूट, डोक्याला हूड, बाहेर आल्यावर वाऱ्याला आडोसा आणि गरम गोड चहा मिळाला तरी पुष्कळ. तेवढं तरी त्यांना मिळायलाच हवं.

इथून बॅटरी नेणाऱ्यांसाठी शेवटची माहिती. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी प्रवाशाला नेता येत नाही. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत अजिबात ठेवू नये आणि तिची टोकं चिकटपट्टीने झाकावीत. मोठी बॅटरी लागणार असेल तर तिकडेच भाड्याने घ्यावी, मात्र आपली तार जोडण्याआधी मीटर लावून धन आणि ऋण टोक तपासावं. दोन कंपन्यांचे जोड एकमेकांत सहज बसतात, पण आतली टोकं उलटी असू शकतात.

आपला,
एक डायव्हिंग प्रशिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव