भरायच्या नसलेल्या जागांच्या मुलाखती

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर विनाअनुदानित महाविद्यालयांच्या भरतीच्या जाहिराती दिसू लागतात. वर संस्थेचे नाव, त्याखाली विषयवार पदांचा तक्ता, मग आरक्षणाचा तपशील आणि शेवटी बारीक अक्षरांत ठरलेला मजकूर, की उमेदवारांनी मूळ प्रमाणपत्रांसह मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे आणि पदसंख्या कमी-जास्त करण्याचा अथवा कोणतेही कारण न देता भरती रद्द करण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन करून मी निवृत्त झालो असून, विद्यापीठाने नेमलेला विषयतज्ज्ञ म्हणून अशा बऱ्याच निवड समित्यांवर बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की यांतल्या कितीतरी जागा भरण्याचा संस्थेचा मुळातच विचार नसतो. त्या जाहीर झाल्याची आणि त्यांच्या मुलाखती झाल्याची नोंद तेवढी तिला हवी असते.

अनुदानित महाविद्यालयांत आधीच ठरलेल्या उमेदवारासाठी मुलाखतीचा फार्स होतो, तिथे लाखांच्या देवाणघेवाणीची उघड चर्चा चालते, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. तो रोग वेगळा. तिथे पगार सरकार देते, त्यामुळे कोणीतरी एक जण नेमला तर जातो. मी ज्याबद्दल लिहीत आहे त्या प्रकारात कोणीच नेमला जात नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही. डावलले गेल्याची खात्री पटावी असा दुसरा उमेदवारच समोर नसतो.

हे का घडते ते समजायला थोडा हिशेब मांडावा लागेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार अभियांत्रिकी पदवीला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०१८-१९ पूर्वी हे प्रमाण पंधरास एक होते, ते संस्थांच्या सोयीसाठी सैल करण्यात आले. साठ प्रवेशक्षमतेच्या एका शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी धरले तर जुन्या हिशेबाने सोळा शिक्षक लागत, आता बारा लागतात. त्यांतही प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण १:२:६ असे राखायचे असते. पाच शाखा असलेल्या महाविद्यालयाला हा वेतनखर्च जड जातो हे खरे आहे, आणि म्हणूनच बाराच्या जागी सात-आठ शिक्षकांवर शाखा रेटणारी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. प्रश्न उरतो तो संलग्नीकरणाच्या, म्हणजे महाविद्यालयाला विद्यापीठाने दिलेल्या मान्यतेच्या, नूतनीकरणाचा. विद्यापीठाची चौकशी समिती आली आणि तिने शिक्षक कमी असल्याची त्रुटी काढली, तर काही तरी दाखवावे लागते.

तेव्हा जी फाइल पुढे केली जाते तिच्यात वृत्तपत्रांतील जाहिरातींची कात्रणे असतात, निवड समिती नेमल्याचे विद्यापीठाचे पत्र असते, उमेदवारांच्या सह्यांचा हजेरीपट असतो, गुणतक्ता असतो आणि समितीचा अहवाल असतो. त्यावरून संस्था सांगते की आम्ही जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, पण योग्य उमेदवार मिळाला नाही. किंवा निवड केली, पण उमेदवार रुजू झाला नाही. किंवा सर्वांत सोयीचे उत्तर म्हणजे प्रक्रिया चालू आहे. त्रुटी पूर्ततेच्या अटीवर पुढे ढकलली जाते आणि पुढच्या जूनमध्ये तीच जाहिरात तारीख बदलून पुन्हा छापून येते. राखीव पदांच्या बाबतीत तर ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा अधिकच गंभीर आहे, कारण तो वर्षानुवर्षे लागत राहिला की त्या प्रवर्गात पात्र माणसेच नाहीत असा खोटा समज कागदोपत्री पक्का होत जातो. प्रत्यक्षात पात्र माणसे बाहेरच्या बाकावर बसलेली असतात.

अशी मुलाखत ओळखता येते. ज्या संस्थेला खरोखर शिक्षक हवा असतो ती उमेदवाराला फळ्यासमोर उभे करते, जमल्यास वर्गावर पाठवते, सध्याच्या ठिकाणाहून कधी मोकळे व्हाल असे विचारते आणि पगारावरून घासाघीस करते. (घासाघीस झाली तर आशा ठेवा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.) ज्या संस्थेला फक्त फाइल हवी असते तिथे मुलाखतीपेक्षा हजेरीपटाची काळजी जास्त घेतली जाते. सही राहिली का, मोबाइल क्रमांक लिहिला का, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती दोन संचांत दिल्या का, हे कारकून पुन्हा पुन्हा तपासतो. आत गेल्यावर मात्र नाव, गाव, शिक्षण, सध्या कुठे आहात एवढेच विचारले जाते आणि ‘कळवू’ म्हणून पुढच्याला बोलावतात.

एका महाविद्यालयातील प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यासाठी सहायक प्राध्यापकाचे पद होते. सकाळी दहाची वेळ दिलेली असताना संस्थेचे अध्यक्ष येईपर्यंत दुपार झाली, आणि तोवर उमेदवार व्हरांड्यात ताटकळत होते. त्यांत उदगीरकडून रात्रीच्या एसटीने आलेली, सेट ही राज्यस्तरीय अध्यापक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली एक तरुणी होती. मी तिला सारणीची (मॅट्रिक्सची) आयगेन मूल्ये काढायला सांगितली. तिने ती काढलीच, शिवाय पहिल्या वर्षाची मुले नेमकी कुठल्या पायरीवर चिन्हाची चूक करतात आणि ती टाळायला त्यांच्याकडून काय करून घ्यावे हेही न विचारता फळ्यावर दाखवले. समितीने एकमताने तिचे नाव पहिल्या क्रमांकावर ठेवले आणि आम्ही अहवालावर सह्या केल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या मुलाखतीला तीच तरुणी समोर आली. तिला नियुक्तिपत्र कधी मिळालेच नव्हते. फोन केला की ‘व्यवस्थापनाचा निर्णय व्हायचा आहे’ एवढेच तिला सांगण्यात येई. त्या पहिल्या महाविद्यालयाने मात्र त्रुटीपूर्तता करताना निवड झालेला उमेदवार रुजू झाला नाही असे कळवले होते, हे मला नंतर समजले. विषयतज्ज्ञाने केलेल्या शिफारशीचे पुढे काय झाले हे त्याला कळवण्याची कोणतीही पद्धत आपल्याकडे नाही. ही तरुणी पुन्हा समोर आली नसती, तर मलाही ते कधी कळले नसते.

उमेदवाराला याची किती किंमत मोजावी लागते, हे संस्थाचालकांच्या गावीही नसते. यांतले बहुतेक जण कुठे ना कुठे तासिका तत्त्वावर शिकवत असतात. घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, म्हणजे मुलाखतीला गेलेला दिवस बुडीत. त्यावर अर्जाचे शुल्क, छायाप्रती, एसटीचे भाडे आणि मुक्काम करावा लागला तर लॉजचा खर्च. उन्हाळी सुट्टीत तासिकांचे मानधन थांबलेले असते आणि नेमका त्याच सुमारास हा हंगाम सुरू होतो. पैशांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे. सतत नाकारले गेलो अशी समजूत झालेला माणूस दोष स्वतःत शोधू लागतो. आपले इंग्रजी कच्चे, आपले विद्यापीठ लहान, आपली ओळख नाही, असे म्हणू लागतो. त्याला कोणी नाकारलेले नसते, कारण त्याचा विचारच झालेला नसतो. पण हे त्याला सांगणार कोण?

शिवाय त्याच्या प्रमाणपत्रांच्या, आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती त्या फाइलीत राहतात त्या राहतातच. जुलै २०२४ मध्ये तामिळनाडूत अण्णा विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत एकच शिक्षक एकाच वेळी अनेक महाविद्यालयांच्या यादीत दाखवल्याचे उघड झाले होते. वैद्यकीय महाविद्यालयांतही कागदावरच्या अध्यापकांचा प्रश्न इतका वाढला, की राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२५ मध्ये चेहऱ्याच्या ओळखीवर आधारित हजेरी लागू करावी लागली. कागदावरचा शिक्षक तयार करायला एका खऱ्या माणसाची कागदपत्रे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे मुलाखतीच्या नावाखाली जमा होणाऱ्या या गठ्ठ्यांकडे कोणीतरी पाहायला हवे असे वाटते.

संस्थाचालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ग्रामीण भागात जागा रिकाम्या राहतात, केंद्रीभूत प्रवेशाची शेवटची फेरी होईपर्यंत वर्ग भरणार की नाही हे कळत नाही, शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारकडून उशिरा येते. अशा स्थितीत जूनमध्ये नेमणुकीचा शब्द कसा द्यायचा, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मग जाहिरातीतच ‘नियुक्ती प्रवेशसंख्येवर अवलंबून राहील’ असे स्पष्ट लिहावे आणि प्रवेश पूर्ण झाल्यावर होय किंवा नाही ते कळवावे. पुढे लागणाऱ्या जागांसाठी नावे पाहून ठेवायची असतील तर तसेही लिहावे. ज्याला लांबून यायचे आहे तो ते वाचून काय ते ठरवेल. शिक्षकांच्या वेतनाचा खर्च शुल्क नियामक प्राधिकरणापुढे मांडून विद्यार्थ्यांकडून शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून एवढ्या सरळपणाची अपेक्षा फार नाही.

कायद्याने या बाबतीत उमेदवाराच्या हाती जवळजवळ काहीच दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात सांगितले, की निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे, की याचा अर्थ शासनाला मनमानी करण्याची मुभा आहे असा नाही आणि पदे न भरण्यामागे योग्य कारण व प्रामाणिक हेतू असला पाहिजे. तो निकाल शासकीय सेवेबाबतचा होता. खासगी संस्थेला हेतू विचारणारे कोणी नाही. सेवायोजन कार्यालयाला रिक्त पदे कळवण्याची सक्ती करणारा १९५९चा कायदा खासगी क्षेत्रात पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि पुढे त्याची तरतूद २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. असलेली जागा मालक लपवेल, अशी भीती त्या कायद्याच्या कर्त्यांना होती. तो नसलेली जागा दाखवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने मात्र १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांवर दोन बंधने घातली आहेत. जाहीर केलेली जागा खरोखर रिकामी आहे की नाही हे जाहिरातीतच सांगायचे, आणि ज्याची मुलाखत घेतली त्याला ४५ दिवसांत निर्णय कळवायचा.

आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा होईल तेव्हा होवो. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्या हाती न आलेल्या प्रकल्पासाठी मुलाखती घेऊन ठेवतात, त्यांना आवरायला तो लागेलच. महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण इथे समिती विद्यापीठ नेमते, अहवाल विद्यापीठाकडे जातो आणि संलग्नीकरणही विद्यापीठच देते. उमेदवारांचे मोबाइल क्रमांक हजेरीपटावर असतात. संस्थेने ‘उमेदवार रुजू झाला नाही’ असे कळवले, की विद्यापीठाने त्या उमेदवाराला थेट एक संदेश पाठवून ‘आपल्याला नियुक्तिपत्र मिळाले होते का’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने निम्म्या फाइली उघड्या पडतील. प्रत्येक जाहिरातीतील प्रत्येक पदाचे काय झाले, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय प्रसिद्ध करणेही अवघड नाही. पात्रताधारक उमेदवार हजर असताना एखाद्या पदावर लागोपाठ दोन वर्षे ‘योग्य उमेदवार नाही’ असा शेरा आला, तर समितीतील तज्ज्ञांकडून लेखी कारण मागवावे आणि ते पटले नाही तर त्या शाखेची प्रवेशक्षमता कमी करावी. चौकशी समित्यांनीही मुलाखत झाल्याचा पुरावा शिक्षक असल्याच्या पुराव्याऐवजी स्वीकारणे थांबवावे. बँकेत जमा झालेला पगार आणि वर्गाचे वेळापत्रक या दोन कागदांवरून खरा आकडा अर्ध्या तासात समजतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे, ती राग न मानता वाचावी. जाहिरात वृत्तपत्रात छापून आली पाहिजे हा नियमच असल्याने या साऱ्या कारभाराचा पहिला कागद आपल्या पानांवर तयार होतो. गेल्या वर्षी जाहीर केलेल्या पदांपैकी किती भरली, ही एक ओळ नव्या जाहिरातीत छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने घातली तर काही संस्था दुसऱ्या दैनिकाकडे जातील, याची मला कल्पना आहे. ते जमणार नसेल तर निदान बातमीदारांनी तरी याचा मागोवा घ्यावा. एकाच महाविद्यालयाची, एकाच विषयाची, पदसंख्याही तीच असलेली वेगवेगळ्या वर्षांची कात्रणे माझ्यापाशी आहेत. आपल्या वार्ताहराला तपासणीसाठी हवी असल्यास मी ती आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली