शेजारच्या खाटेजवळच्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. दवाखान्याच्या वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवर तुमच्या अक्का होत्या आणि तुम्ही खाली चटई टाकून त्यांची उस्तवारी करत होता. एवढी खूण तुम्हाला पुरेल.

पावसात अंगणात घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं, खानापूरकडच्या आमच्या गावातून तिला बेळगावला आणलं, ऑपरेशन झालं. त्या धावपळीचं काही सांगत बसत नाही. ऑपरेशनला नेताना तिच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या. कपाळही पुसलं. ते काढावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण का काढतोय, हे त्या म्हातारीला सांगायला कुणाला सवड झाली नाही.

वॉर्डात परत आणलं तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते. अर्धवट गुंगीत आईनं गळा चाचपला, मनगट चाचपलं, आणि तिला वाटलं आमचे आप्पा गेले. आप्पा गावाकडं धडधाकट. पण तिला कोण सांगणार? ती आक्रोश करायला लागली तर ड्युटीवरची बाई म्हणाली, "गप पड, बाकीच्यांना झोपू दे." समोरच्या खाटेवरच्या काकूंनी मला हे नंतर सांगितलं. त्यांना तरी आई कशासाठी रडतेय ते कुठं कळलं होतं? कळलं ते तुम्हाला.

मी दारात आले तेव्हा तुम्ही त्या काकूंचा कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभ्या होता. गळ्यात बारीक क्रूस, स्वतःचं कपाळ मोकळं. अनामिका करंड्यात बुडवून तुम्ही आईच्या कपाळावर टेकवलीत. "अळब्याडव्वा, रडू नका, आहेत की यजमान तुमचे." सवय नसलेलं बोट, त्यामुळं कुंकू मोठं आणि तिरकं लागलं, थोडं भुवईवर सांडलं. मग मला आप्पांना फोन लावायला सांगितलात आणि तो तिच्या कानाशी धरून तुम्ही वाकून उभ्या राहिलात. आप्पांनी पलीकडून "जेवलीस काय ग?" एवढंच विचारलं. आई शांत झाली. पुढं कितीतरी वेळ ते तिरकं कुंकू तिनं मला नीट करू दिलं नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं, तुमच्यात हे चालतं का. तुम्ही म्हणालात, "मी माझ्या कपाळाला नाही लावत. त्यांचं होतं ते काढलं होतं, परत लावलं." यावर मी अजून विचार करते. स्वतःच्या श्रद्धेत तुम्ही तसूभर हलला नाहीत आणि आईची श्रद्धाही हलू दिली नाहीत. आमच्याच नात्यातल्या एकीनं भेटायला येऊन कानात सांगितलं, "जपून रहा, बाटवायला येतात ही माणसं." त्याच बाईनं आईला साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मला तेव्हा फार राग आला, आजही येतो.

रात्री झोप येईना म्हणून मीच तुम्हाला तुमच्या बायबलमधली एखादी गोष्ट सांगा म्हटलं. तुम्ही लूकच्या शुभवर्तमानातली सांगितलीत. यरुशलेमेहून यरीहोला जाणारा माणूस, लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला. याजक बाजूनं निघून गेला, मंदिरात सेवा करणारा लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, मालकाला पैसे दिले, आणखी लागले तर परत येताना देईन म्हणाला. यहुदी आणि शोमरोनी यांचं वाकडं होतं, उपासना यरुशलेमात करायची की गरिज्जीम डोंगरावर इथून वाद, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आपलं बेळगाव आठवलं. १ नोव्हेंबर आला की एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळा दिवस, १९५६ पासूनचं दुखणं. तुमच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी. मराठी मला प्राणाहून प्यारी आहे आणि सीमाप्रश्नावरचं माझं मत काही बदललेलं नाही. पण आमच्या माणसांसाठी भाषणं ठोकणारे, आमच्या घरी मतं मागायला येणारे त्या वॉर्डात फिरकले नाहीत.

व्हॉट्सॲपवर मात्र "काळजी घ्या", "लवकर बऱ्या व्हा" यांचा पाऊस पडला. नंतर मी मराठी नवा करार आणून वाचला. त्यात याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच आहे. उघड्या, उपाशी माणसाला कुणी म्हटलं, सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव, आणि दिलं काहीच नाही, तर त्याचा काय उपयोग? कृतीवाचून विश्वास निर्जीव, असं तो सरळ लिहितो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर राजा म्हणतो, माझ्या या लहानातल्या लहान भावांपैकी एकासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत. आणि ज्यांनी केलेलं असतं त्यांना ते आठवतही नाही. आम्ही हे केव्हा केलं, म्हणून तेच विचारतात. हे वाचताना तुमचाच चेहरा समोर आला. मी आभार मानायला लागले तेव्हा तुम्हीही "कशाबद्दल ओ?" असंच म्हणाला होता.

तुमच्या अक्कांना तेव्हा उठून बसवतसुद्धा नव्हतं. तुमची स्वतःची झोप नव्हती, जेवण नव्हतं. तरी परक्या बाईचं रडणं तुम्ही कान देऊन ऐकलंत. औषधं मला विकत मिळत होती. आईला माणूस समजणारं कुणी मिळत नव्हतं.

आई आता वॉकर घेऊन परसात जाते. अक्का कशा आहेत ते कळवा. नाताळला आम्ही कॅम्पात तुमच्या घरी येणार आहोत, आप्पासुद्धा. आईनं तुमच्यासाठी इरकल घेऊन ठेवलंय, हिरव्या काठाचं. नको म्हणू नका.

तुमची,
खानापूरकडची लेक