काका, तुमचे जाहीर आभार

आदरणीय काका,

शोधनिबंधाच्या शेवटी प्रयोगशाळा सहाय्यकाचे आभार अर्ध्या ओळीत उरकले जातात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्या लॅबमधली वीज, पाणी आणि प्लास्टिकची उधळपट्टी कमी झाली ती तुमच्यामुळे. कुणाच्याही प्रयोगाला धक्का न लावता झाली, याचं मला जास्त मोल वाटतं.

सुरुवात फ्रीजरपासून झाली. उणे ८० अंशांचा जुना फ्रीजर दिवसाला २० युनिटच्या आसपास, म्हणजे एका आख्ख्या घराला पुरेल इतकी वीज खातो. तुम्ही यावर भाषण दिलं नाहीत. प्लगला मीटर लावलंत आणि आकडा रोज फ्रीजरच्या दारावर लिहीत गेलात. मग तो उणे ७० वर चालवायचा विषय काढलात. सर बिचकले, आणि ते रास्तच होतं. आत कित्येक वर्षांची मेहनत होती. तुम्ही घाई केली नाहीत. आधी एकच फ्रीजर घेतलात, त्यात दुसरीकडे जोडप्रत असलेलेच नमुने ठेवलेत, वरच्या आणि खालच्या कप्प्यात तापमान नोंदवणारे लॉगर लावलेत. सरांची खात्री पटल्यावरच बाकीचे. या दहा अंशांनी साधारण ३० टक्के वीज वाचते.

त्याहून चिवट काम यादीचं होतं. बर्फात रुतलेले खोके, मार्कर पुसट झालेल्या नळ्या, केव्हाच पदवी घेऊन गेलेल्यांची आद्याक्षरं! तुम्ही एकेकाला फोन लावून विचारलंत, "हे ठेवू की टाकू?" आता कुठली नळी कुठे आहे ते यादीत सापडतं, दार उघडं ठेवून शोधाशोध होत नाही, आणि एक फ्रीजर तर कायमचा बंद झाला. माझ्या मते नवी यंत्रं आणण्यापेक्षा हे काम मोठं आहे.

रात्रभर चालणाऱ्या रिफ्लक्सचंही तसंच, म्हणजे द्रावक उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत भांड्यात आणण्याचं. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला मिनिटाला दोन लिटर पाणी धरलं तरी बारा तासांत १,४४० लिटर थेट गटारात. तुम्ही हवेवर चालणारे कंडेन्सर मागवलेत, आणि ईथरसारख्या लवकर उकळणाऱ्या द्रावकांसाठी तेच पाणी फिरवणारा चिलर लावायला लावलात. फ्यूम हूडचं, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचं, शटर खाली ओढायची सवयही तुमचीच देणगी. थंड केलेली हवा बाहेर फेकली जात नाही आणि समोर उभा असलेला माणूसही सुरक्षित राहतो.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा निघतो, असा अंदाज २०१५ साली 'नेचर'मध्ये छापून आला होता. तो वाचून मी उत्साहाने सगळंच काचेचं करू म्हणाले, तेव्हा तुम्ही मला शांतपणे समजावलंत: बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) मोजायला काचेचं पिपेट चालेल, पेशी वाढवताना निर्जंतुक प्लास्टिकच हवं. कुठे हट्ट धरायचा आणि कुठे नाही, हे मी तुमच्याकडून शिकले.

शेजारच्या विभागाने तुमच्या यादीचा तक्ता मागितला आहे. तुमची हरकत नसेल तर तुमच्या नावासकट पाठवते.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी